मांडव उतरवला, आता तुमच्याशी बोलते

प्रिय आई-बाबा,

शालोम. आज सकाळी मांडव उतरवला, बाल्कनी धुवून काढली, तरी सुकलेली पानं अजून कोपऱ्याकोपऱ्यात सापडतायत. मुलं शाळेत गेली आणि घर इतकं शांत झालं की म्हटलं आता लिहायलाच बसते. फोनवर हे मला जमत नाही बाबा, तुमचा शब्द अडखळला की माझा गळा दाटून येतो, मग आई फोन घेते आणि विचारते जेवलीस का. आई, तू त्यांना वाचून दाखव, एका दमात नको, थोडं थोडं वाच.

सुक्कोथच्या, आपल्या मांडवांच्या सणाच्या, आदल्या दिवशी बाबा तुम्ही म्हणालात, "यंदा मांडव नाही बांधला गं, आणि पुढच्या वर्षीचा काय भरवसा." तुम्ही सहज बोललात, पण ते वाक्य घेऊनच मी सातही दिवस सुक्क्यात, म्हणजे इथल्या मांडवात, बसले, तिथेच जेवले, मुलांना झोपवलं, आणि रोज वाटत होतं की बाबांना सांगायला हवं, तुम्ही जे बोललात ते या सणाच्या अगदी मधोमध ठेवलेलं आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मला अजून आठवतं, आजोबांच्या वाडीतून तुम्ही झावळ्या आणायचात, अलिबागहून एसटीच्या टपावर टाकून थेट ठाण्यापर्यंत, आणि मग बिल्डिंगच्या गच्चीवर चार बांबू, सुंभाचा एक मोठा गुंडा, आणि खालून आईच्या हाका की चहा गार होतोय. दारफळणीच्या सणाचा उपास सुटला की त्याच रात्री तुम्ही निदान पहिला बांबू तरी उभा करायचातच, कितीही थकलेले असलात तरी. आजी योम किप्पूरला कायम दारफळणीचा सणच म्हणायची, रोश हशानाला, वर्षाच्या पहिल्या दिवसाला, नव्याचा सण, तिच्या तोंडी ही हिब्रू नावं कधी बसलीच नाहीत. लहानपणी मला ती नावं गावंढळ वाटायची, आता वाटतं त्यांतच अर्थ जास्त होता. बघा ना, तिश्री महिन्याच्या दहाव्या दिवशी दारं लावून घ्यायची, दिवसभर उपाशी राहून हिशोब द्यायचा, आणि पाचच दिवसांनी, पंधराव्याला, ज्याला धड दारच नाही अशा मांडवात जाऊन राहायचं. एवढं सगळं मागून घेतलं, आयुष्य मागितलं, आरोग्य मागितलं, आणि मग लगेच पक्कं घर सोडून बाहेर ये म्हणतात.

आणि ते कधी, तर धान्य घरात आल्यावर. तोरात, आपल्या धर्मग्रंथात, साफ लिहिलंय की खळ्यातलं आणि द्राक्षकुंडातलं उत्पन्न गोळा केल्यावर मांडवांचा सण सात दिवस पाळ आणि आनंद कर. दुष्काळात मांडवात राहा असं नाही सांगितलं, तेव्हा तर माणूस तसाही उघड्यावरच असतो. कणगी भरलेली आहे, आता आपल्याला कशाची कमी नाही असं वाटायला लागलंय, नेमकं तेव्हाच बाहेर ये आणि छपरातून वर बघ. आपल्याकडे अलिबागला साधारण याच दिवसांत भाताची कापणी सुरू व्हायची, आजोबा आभाळाकडे बघत बसायचे की परतीचा पाऊस उभ्या पिकावर पडतो का काय. त्यांना हे कुणी शिकवायला लागलं नाही.

छपराचे नियम तुम्हीच मला शिकवलेत. जे घालायचं ते जमिनीतून उगवलेलं हवं पण आता जमिनीपासून तुटलेलं हवं, झाडाखाली सुक्का बांधला तर चालत नाही, वरच्या मजल्याची बाल्कनी डोक्यावर असली तरी चालत नाही, उन्हापेक्षा सावली जास्त हवी पण रात्री चांदण्या दिसायला हव्यात. इथे इस्रायलमध्ये अशदोदला बऱ्याच बिल्डिंगच्या बाल्कन्या एकीवर एक न येता मागेपुढे काढलेल्या असतात, मुद्दाम, प्रत्येकाला वर उघडं आभाळ मिळावं म्हणून. सणाआधी खजुराच्या झाडांची छाटणी होते आणि फांद्यांचा ढीग रस्त्याच्या कडेला पडतो, लोक उचलून नेतात, आम्हीही आणल्या. पहिल्या रात्री त्या हिरव्यागार होत्या, वास येत होता, तिसऱ्या दिवशी टोकं पिवळी पडली, सातव्या दिवशी हात लावला की चुरा पडत होता. म्हणजे आपण सात दिवस ज्याच्या आसऱ्याला बसतो ते छप्पर आपल्या डोळ्यांदेखत मरत असतं. मला हे इतकी वर्षं दिसलंच नव्हतं. यंदा जुलैत तुम्हाला अर्धांगाचा झटका आला, मी बारा दिवस तिथे राहून परत आले, आणि मग दिसलं.

बाबा, तुम्ही विचाराल की मग याला आनंदाचा सण का म्हणायचं, ज़मान सिम्खातेनू, आपल्या आनंदाचा काळ, प्रार्थनेत हेच नाव आहे. त्यात मधल्या शब्बाथला, शनिवारी, कोहेलेत वाचतात, शलमोन राजाचं म्हणून सांगतात ते पुस्तक. आपल्या मराठी शास्त्रात त्याची सुरुवात "व्यर्थ" या शब्दाने होते, लहानपणी मला ते ऐकून वाईट वाटायचं, एवढा श्रीमंत राजा आणि सगळंच व्यर्थ म्हणतो. इथे आल्यावर हिब्रू नीट शिकले तेव्हा कळलं मूळ शब्द हेवेल आहे, हेवेल म्हणजे वाफ, तोंडातून निघणारा श्वास. हाबेलचं हिब्रू नावही हेच, काईनने मारलेला तो धाकटा, थोडेच दिवस जगलेला. वाफ खोटी नसते ना आई. भाताच्या टोपावरचं झाकण तू काढतेस तेव्हा जी वाफ येते ती खरी असते, तिचा वास येतो, भूक लागते, फक्त ती मुठीत धरता येत नाही. आणि तोच कोहेलेत पुढे म्हणतो की जा, आनंदाने आपली भाकरी खा. मला आता वाटतं की दोन्ही वाक्यं एकाच माणसाची आहेत हे पटायला माणसाला चाळीशी तरी यावी लागते.

इथलं एक सांगते, तुम्हाला काळजी वाटेल म्हणून आजवर नीट सांगितलं नव्हतं. ७ ऑक्टोबर २०२३ ला सिम्खात तोरा, सणाच्या शेवटचा दिवस, होती, सकाळी साडेसहाच्या सुमाराला सायरन वाजले, आम्ही मुलांना उचलून ममादमध्ये गेलो, ममाद म्हणजे घरातली ती जाड काँक्रीटच्या भिंतींची आणि लोखंडी दाराची खोली, तुम्ही आलात तेव्हा आई तिथेच झोपायची. आत अंधारात बसलो होतो आणि बाहेर बाल्कनीत आमचा सुक्का तसाच उभा होता, कापडाच्या भिंती हलत होत्या. त्यानंतर किती आठवडे तो कुणी उतरवलाच नाही, हिंमतच झाली नाही त्याला हात लावायची, पानं सुकून सुकून काळी झाली. तेव्हापासून गाझाच्या कुंपणाच्या या बाजूला आणि त्या बाजूला किती घरांची छपरं गेली, किती आईबाप गेले, किती लेकरं गेली, ते आठवलं की रात्री झोप लागत नाही. एका घरात दोन खोल्या, एक काँक्रीटची आणि एक पानांची, आणि प्रार्थना मात्र रोज संध्याकाळी आपण पानांच्या खोलीची करतो, की तुझ्या शांतीचा सुक्का आमच्यावर पसर. शांतीचा किल्ला दे असं नाही मागत. किल्ल्यात बाहेरचा माणूस येऊ शकत नाही, मांडवात कुणीही येतो. तो बांधतानाच गृहीत धरलेलं असतं की हा टिकणारा नाही, म्हणून त्यातली माणसं एकमेकांना जरा सरकून बसतात.

राबी आकिवा म्हणायचे की मिसरातून सुटल्यावर वाळवंटात आपले पूर्वज खऱ्याखुऱ्या झोपड्यांमध्येच राहिले, त्यांचीच ही आठवण. राबी एलिएज़र म्हणायचे नाही, ते देवाचे ढग होते, त्याने वरून सावली धरली होती. तालमूदमध्ये, राबींच्या चर्चांच्या ग्रंथात, हा वाद आहे. मी गच्चीवर तुम्हाला विचारलं होतं की मग खरं काय, तुम्ही सुंभ ओढत म्हणालात, "आधी झोपडी बांध, मग ढग दिसतो का बघू." तुम्हाला आठवत नसेल. मला आठवतं.

आता तुमच्या हाताबद्दल. आई म्हणाली की यंदा सिनेगॉगमधून लुलाव, खजुराची ती मिटलेली पात, घरी आणून दिला पण तुम्ही हातात घेतला नाही, डावा हात वर जात नाही म्हणून, आणि त्या दिवशी कुणाशी बोलला नाहीत. बाबा, या सणात एकत्र धरायच्या त्या चार वस्तूंचं मिद्राशात, शास्त्रावरच्या जुन्या विवेचनात, काय सांगितलंय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय, लुलाव म्हणजे पाठीचा कणा, हदासची, त्या सुवासिक झुडपाची, पानं म्हणजे डोळे, अरावा म्हणजे ओठ, आणि एत्रोग, आपलं महाळुंग, म्हणजे काळीज. मी यंदा ते हातात धरलं आणि मला तुम्हीच दिसलात. कणा वाकलाय, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, ओठ एका बाजूला जरा उतरलेत, आणि काळीज जसं होतं तसंच आहे. देवाने असं नाही सांगितलं की फक्त काळीज घेऊन ये. चारही एकत्र घेऊन ये म्हणाला. आणि त्यात अरावा तर काय असते, ना चव ना वास, पाण्याकाठची साधी फांदी, दोन-तीन दिवसांत मान टाकते, इथे लोक सणाच्या मध्यावर नवी आणून बदलतात. तरी तिच्याशिवाय उरलेल्या तिघांना काही अर्थ नाही. लोक एत्रोग निवडताना भिंग लावून बसतात, एक ठिपका नको म्हणून, अरावाकडे कुणी एवढं बघत नाही, मला मात्र यंदा तिचीच माया आली. होशाना राब्बाला, सातव्या दिवशी, ती जमिनीवर आपटायची असते ना, माझ्या हातून जोरात आपटवेना.

आणि मांडवाचं म्हणाल तर मिश्नामध्येच, आपल्या जुन्या नियमग्रंथात, लिहिलंय, आजारी माणूस आणि त्याची सेवा करणारे दोघंही सुक्क्यातून मोकळे. दोघंही, आई, तूसुद्धा. पाऊस आला आणि ताटातलं जेवण बिघडायला लागलं तर तेव्हाही आत जा म्हणतात, भिजत बसा म्हणत नाहीत. ठाण्यात कितीदा तरी असं झालंय, परतीचा पाऊस आला की तू टोप उचलून पळायचीस आणि आम्ही ताटं डोक्यावर घेऊन मागे. तेव्हा बाबा तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की सण मोडला. मग आज स्वतःलाच का म्हणता?

कोजागिरीची आठवण येतेय. बहुतेक वर्षी तीच पौर्णिमा असायची, आपण मांडवात आणि गच्चीच्या दुसऱ्या टोकाला बिल्डिंगची मंडळी मसाला दूध आटवत, आणि ते दूध आपल्याला घेता यावं म्हणून आई त्या रात्री मटण करायची नाही, वरण-भात आणि वांग्याची भाजी. वर एकच चंद्र, तो आपल्याला झावळ्यांमधून तुकड्यातुकड्याने दिसायचा. माझ्या मुलांना मी हे सांगितलं तर धाकटी म्हणाली, मग त्यांचा चंद्र पूर्ण आणि तुमचा तुटका का? मी म्हटलं आजोबांना विचारू.

मला माहितीय तुम्ही इथे कायमचे येणार नाही. आपलं ठाण्याचं सिनेगॉग, शाआर हाशामायिम, १८७९ पासून उभं आहे आणि प्रार्थनेला लागणारी दहा माणसं जमवताना आता किती फोन करावे लागतात ते मी ऐकलंय, तुम्ही त्या दहांतले एक आहात. मी आग्रह धरणार नाही. डिसेंबरात मीच येते, तिकीट काढलंय, आईला आधीच सांगितलं होतं, तिने लपवून ठेवलं असेल तर आता कळलं. इथे अजून पाऊस पडला नाहीये, आठव्या दिवशी पावसाची प्रार्थना झाली, काल संध्याकाळी समुद्राकडून जरा ढग आले आणि गेले.

एक काम आहे. तिसऱ्या रात्री वारा सुटला आणि मांडवाचा एक कोपरा उघडला, झावळ्या खाली आल्या. इथे सगळे प्लास्टिकच्या पट्ट्या वापरतात, मी हट्टाने सुंभ आणलं होतं, तुमच्यासारखी गाठ मारली, ती सुटली. तुम्ही दोन फेरे घेऊन मग खालून काहीतरी ओढायचात, ते मला कधी नीट दिसलंच नाही कारण मी कायम दुसरं टोक धरून उभी असायचे. शुक्रवारी शब्बाथच्या आधी व्हिडिओ कॉल करते, सुंभाचा तुकडा आणि लाटणं घेऊन बसा. उजव्या हाताने फेरे घ्या, दुसरं टोक आई धरेल, आणि हळू करा, मला बघून लिहून घ्यायचंय.

तुमची,
लेक