तुझी एक ओळ आणि आमचे आचारी

सोलापूर, १० जानेवारी

प्रिय सुध्या,

काय बे, जिवंत आहेस ना? इथे होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे उभे राहिलेत, संध्याकाळी भोंग्यांमुळे दार लावून बसावं लागतं. असाच दार लावून आठवडाभर ज्या भानगडीत अडकलो होतो, ती तुला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही. कारण तिच्या मुळाशी तू आहेस.

पूर्व भागातल्या जुन्या विणकरांकडून मागाचे शब्द गोळा करतोय, हे तुला ठाऊक आहे. इथल्या पद्मशाली घरांत मागाची बोली तेलुगू, काही घरांत कन्नड, आणि कारखान्यात मराठी. त्यामुळे एकेका वस्तूला तीन-तीन नावं. आपला ताणा-बाणा, त्यांचा पडुगु-पेका, कन्नडात हासु-होक्कु. हे सगळं इमॅक्सच्या एकाच ऑर्ग (टिपणांच्या) फाईलमध्ये, तीन लिप्यांत. मजकूर लिहायच्या या जुन्या प्रोग्रामचं मला हेच आवडतं. लिपी बदलायला कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ, की झालं. १९९७च्या विसाव्या आवृत्तीपासून त्याला जगभरच्या लिप्या येतात, आणि २०२०च्या सत्ताविसाव्यापासून हार्फबझ (अक्षरं जुळवून मांडणारं इंजिन) आल्यावर जोडाक्षरंही नीट बसतात. तेलुगूचा फॉन्ट उंच असल्यामुळे ओळी उड्या मारत होत्या. फेस-फॉन्ट-रीस्केल-अलिस्ट या सेटिंगमध्ये त्याला थोडा लहान केला, काम झालं.

तर, वीस पानं छापून शेजारच्या निवृत्त मास्तरांना वाचायला दिली. दुसऱ्या दिवशी ते गेटातूनच ओरडले, "अहो, तुमच्या विणकराच्या लग्नात शंकराचार्य आले होते का?"

कागद बघितला. एका विणकराने आपल्या लग्नाची आठवण सांगितली होती, त्यात छापलं होतं: "आचार्यांनी पहाटेपासून शेंगाचटणी कुटायला घेतली." आचाऱ्यांचे आचार्य झाले होते! पुढे 'दुसर्या दिवशी', 'वार्यावर', 'कोपर्यात'. मास्तरांनी प्रत्येक ठिकाणी लाल शाईने गोल केला होता. एका पानावर तर गोलच गोल.

आधी वाटलं, माझाच हात चुकला. पण मी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड वापरतो, तिथे शिफ्ट आणि जे दाबलं की ऱ येतो. ही सवय बोटात बसलेली आहे. मग एक गोष्ट लक्षात आली. मी स्वतः टाइप केलेल्या भागात एकही चूक नव्हती. चुका होत्या त्या मामांच्या वह्यांतून आलेल्या भागात. म्हणजे सासऱ्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी एका डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टात टाइप करून घेतलेला मजकूर, तो मी युनिकोडात आणला होता. वाटलं, तो बदलतानाच बिघडला असणार. मूळ बदललेली फाईल उघडली तर तिथे 'आचाऱ्यांनी' अगदी बरोबर! तीच फाईल इमॅक्समध्ये उघडली, तरी बरोबर. एक स्पेस टाकली, सेव्ह केली आणि माझ्या डोळ्यांदेखत आचारी आचार्य झाला. खरं सांगतो, अंगावर काटा आला.

ऑटो-कॉम्पोझिशन-मोड बंद कर, म्हणजे जोडाक्षरं सुटी होऊन दिसतात. तसं केलं. सेव्ह करण्याआधी र, हलन्त, मग एक केसाएवढी पांढरी फट, मग य. त्या फटीवर कर्सर नेऊन कंट्रोल-यू, कंट्रोल-एक्स आणि बरोबरचं चिन्ह दाबलं. नाव आलं: झीरो विड्थ जॉइनर, युनिकोड क्रमांक २००डी. अदृश्य जोडक. र-हलन्तनंतर हा असला की मराठीतला अर्धा र डोक्यावरचा रफार न होता आडवा राहतो. तो काढला की उरतं नुसतं र-हलन्त-य, म्हणजे 'र्य'. मी टाइप करतो तो ऱ वेगळाच, ०९३१ क्रमांकाचा. त्याला जोडकाची गरज नाही. दिसायला दोन्ही सारखे, म्हणूनच इतके दिवस कळलं नाही. शोधताना 'दुसऱ्या' निम्म्याच ठिकाणी सापडायचं, तेव्हाच शंका यायला हवी होती.

पण हा जोडक खातंय कोण? इमॅक्स उणे-क्यू देऊन, म्हणजे माझी एकही सेटिंग न घेता, सुरू केला. सेव्ह केलं, आचारी शाबूत. म्हणजे चोर घरातलाच. माझी इनिट फाईल, म्हणजे सगळ्या सेटिंग्जची, सहाशे ओळींची आहे (हसू नकोस, त्यातल्या निम्म्या तुझ्याच आहेत). निम्मी बंद केली, बघितलं. उरलेल्यातली निम्मी बंद केली, पुन्हा बघितलं. सहाशे ओळी असल्या तरी दहा फेऱ्यांच्या आत निकाल लागतो, मला सातव्या फेरीत लागला. एक लोड करणारी ओळ होती, 'सफाई' नावाच्या फाईलची. कंट्रोल-एच व्ही करून बिफोर-सेव्ह-हूक, म्हणजे सेव्हआधी चालणाऱ्या फंक्शनांची यादी, आधीच बघितला असता तर दोन मिनिटांत सापडलं असतं, कारण त्या यादीत तिचं नाव उघड बसलेलं होतं. पण ही अक्कल नंतर आली.

सफाई उघडली. वर टीप: 'वेबवरून चिकटवलेल्या मजकुरातली नको ती अदृश्य अक्षरं काढून टाकणे.' २००बी ते २००डी, सरसकट साफ. तुझी फाईल, सुध्या! इंग्रजी मजकुरासाठी तू लिहिलीस, मी डोळे झाकून घेतली, आणि गेली तीन वर्षं ती प्रत्येक सेव्हला माझ्या मराठीचे लचके तोडत होती. तेलुगूचेही. त्यांच्यात इंग्रजी शब्द लिहिताना अक्षरं जुळू नयेत म्हणून २००सी घालतात, तोही गेला.

फंक्शन दुरुस्त केलं, इमॅक्स बंद करून पुन्हा उघडला, सेव्ह केलं. पुन्हा आचार्य! तेव्हा मात्र तुला फोन करून शिव्या घालणार होतो. मग मेसेजेस बफरमध्ये, म्हणजे इमॅक्सचे निरोप जमा होतात तिथे, एक ओळ दिसली. मूळ फाईल बाइट-कम्पाइल केलेल्या फाईलपेक्षा नवी आहे, तरी जुनीच वापरतोय, असं त्यात इंग्रजीत लिहिलेलं. तू फाईल पाठवताना तिची .ईएलसी, म्हणजे बाइट-कम्पाइल केलेली, प्रतही पाठवली होतीस, आणि इमॅक्सला दोन्ही दिसल्या की तो ती .ईएलसीच उचलतो. ती उडवली. शिवाय इनिटमध्ये अगदी वर लोड-प्रिफर-न्यूअर टी असं टाकलं, म्हणजे जी नवी तीच उचलली जाते. तूही टाक.

आता सफाईत आधी र-हलन्त-जोडक दिसला की त्याचा ऱ-हलन्त होतो, आणि मग फक्त २००बी काढला जातो. बाकी दोघांना हात लावत नाही.

नुकसान भरून काढणं हे खरं किचकट काम. 'र्य' दिसला की 'ऱ्य' कर, असं यंत्राला सांगता येत नाही. सूर्य, कार्य, धैर्य यांची वाट लागेल. अकर या आज्ञेने 'र्य'च्या ओळींची यादी काढली, दोनशे चौदा निघाल्या. मग क्वेरी-रिप्लेस, एकेका ठिकाणी वाय किंवा एन. दोन संध्याकाळी गेल्या. शेजारी मास्तर बसलेले, चहा पीत, "वाय. एन. एन. वाय," असं म्हणत. जुन्या आवृत्त्या जपायला गिट वापर, असं तू मागेच म्हणाला होतास, ते ऐकलं असतं तर हेही वाचलं असतं. टिल्डावाली बॅकअप फाईल काय, उघडल्यानंतरच्या पहिल्या सेव्हलाच बनते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच नावावर बनते. ती आधीच बिघडलेली होती. निदान व्हर्जन-कंट्रोल टी करून क्रमांकाच्या प्रती तरी ठेवायला सुरुवात केलीय.

आणि हो. दोन वर्षांपूर्वी तू हरिश्चंद्रगडाच्या ट्रेकवर लिहून पाठवलं होतंस, त्यात 'दोन्ही बाजूंना खोल दर्या' असं होतं. सह्याद्रीत समुद्र कुठून आला म्हणून मी तुला आठवडाभर चिडवलं, आणि तू शपथेवर सांगत होतास की तू दऱ्याच लिहिलं होतंस. खरं होतं तुझं. ती सफाई तुझ्याकडे अजून चालू असेल तर हे पत्र वाचून झाल्यावर आधी ती बंद कर. नाहीतर तुझ्या दऱ्या पुन्हा समुद्राला जाऊन मिळतील.

वहिनींना नमस्कार. संक्रांतीला येणार असशील तर आधी कळव, कडक भाकरीचा गठ्ठा बांधून ठेवतो.

तुझा,
रव्या