फोटोंची कॉपी प्रवासातच करा, घरी पोचेपर्यंत थांबू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मेची सुट्टी तोंडावर आलीये आणि प्रवासाच्या पानांवर बॅगेत काय काय घ्यायचं त्याच्या याद्या यायला लागल्यात. औषधं, टोपी, पॉवर बँक सगळं असतं, पण काढलेले फोटो रोज कुठे कॉपी करून ठेवायचे ते कुणीच लिहीत नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, पण शक्यतो कापू नका.

माझं माहेर संगमेश्वरकडचं, लग्नानंतर मी ठाण्यात कोपरीला. यंदा शिमग्याला मुद्दाम पाच दिवस गावी गेले कारण शिमगा झाला की दुसऱ्याच दिवशी आमचं जुनं घर उतरवायला माणसं कामाला लागणार होती. चिऱ्याचं कौलारू घर, आता तिथे स्लॅबचं होतंय, त्याबद्दल तक्रार नाही, दादा-वहिनींना दर पावसाळ्यात किती त्रास व्हायचा ते मी बघितलंय. पण घर जायच्या आधी त्याचे नीट फोटो राहावेत म्हणून मी एकेक कोपरा टिपला, ओटी, पडवी, माजघर, देवाचा कोनाडा, चुलीमागची काळी भिंत, मागच्या दाराचा अडसर, आजी इरलं अडकवायची ती खुंटी. माजघरातल्या तुळईवर शके साल कोरलेलं होतं, त्याचे स्टुलावर चढून, टॉर्च मारून चार फोटो घेतले. शिवाय आमच्या अंगणात पालखी नाचली त्याचे व्हिडिओ. सगळे मिळून साडेतीनशेच्या वर.

भाचा रोज रात्री विचारायचा, आत्या, माझ्याकडे पेनड्राइव्ह आहे, फोन दे, कॉपी करून ठेवतो. मी म्हणायचे राहू दे रे, बॅकअप ऑन आहे आणि घरी गेल्यावर लॅपटॉपवर टाकेनच.

ठाण्याला गाडी थांबते ती दोन-चार मिनिटं, दारात ही गर्दी, हातात तांदळाची पिशवी, कोकमं, बॅगा. उतरून पुलावरून पूर्वेला आले तर पर्सची चेन उघडी आणि फोन नाही. पाच दिवस गावात सांभाळलेला फोन घरापासून दहा मिनिटांवर गेला.

घरी येऊन लॅपटॉप उघडला, त्यात माझं अकाउंट चालू होतं हे नशीब. फोनमध्ये बँकेची अ‍ॅप होती म्हणून लगेच दुरूनच फोन पुसून टाकायची कमांड दिली, जराही विचार न करता, कारण फोटो वर क्लाउडला, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात, आहेत अशी पक्की खात्री होती. मग फोटो उघडले तर शेवटचा फोटो दिवाळीतल्या कंदिलाचा. जागा संपल्याचा मेसेज कितीतरी महिने येत होता आणि मी तो बोटाने बाजूला सारत होते. आणि जागा असती तरी गावात एक काडी रेंज, तिथून काय वर गेलं असतं?

दुसऱ्या दिवशी दादाला फोन लावला तर कौलं, वासे उतरलेले आणि लाकूड टेम्पोत भरत होते. आता माझ्याकडे त्या घराचे फक्त अकरा फोटो आहेत, मी गावातून व्हॉट्सअ‍ॅपवर मुलीला पाठवलेले. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, चार एमबीचा फोटो दोन-तीनशे केबीवर येतो, छोट्या स्क्रीनवर छान दिसतो पण मोठा केला की सगळं पुसट. त्यात तुळईचा एक आहे. शके १८४१ आहे की १८४७ तेच कळत नाही, म्हणजे इंग्रजी सालाने घर १९१९ चं की १९२५ चं यावर काका आणि दादा अजून वाद घालतायत आणि बघायला तुळई राहिलेली नाही. मी तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला असता तर जसाच्या तसा गेला असता, ही सोय मला नंतर कळली.

त्यामुळे हात जोडून सांगते, रोज रात्री जेवण झालं की दहा मिनिटं काढा. एका बाजूला टाइप-सी आणि दुसऱ्या बाजूला साधा यूएसबी असे पेनड्राइव्ह मिळतात, आयफोन १५ पासून आयफोनलाही टाइप-सीच आहे. अँड्रॉइड फोनच्या फाइल्स अ‍ॅपमध्ये डीसीआयएम फोल्डर असतो, त्यातला कॅमेरा फोल्डर कॉपी करायचा, मूव्ह नाही करायचा, आणि दोन-तीन फोटो, एखादा व्हिडिओ पेनड्राइव्हवरून उघडून बघायचा. मग तो पेनड्राइव्ह आपल्या पर्समध्ये अजिबात ठेवायचा नाही, दुसऱ्या माणसाच्या बॅगेत द्यायचा. भाचा हेच सांगत होता.

क्लाउडचंही नीट समजून घ्या. गूगल फोटोजचं अमर्याद फुकट स्टोरेज १ जून २०२१ पासून बंद झालंय, आता १५ जीबी मिळतात आणि त्यातच जीमेल आणि ड्राइव्हही येतं. आयक्लाउडला तर ५ जीबीच फुकट. निघायच्या आदल्या दिवशी किती जागा उरलीये ते बघा. हॉटेलच्या वायफायवरही फार भरवसा ठेवू नका, दोन एमबीपीएसच्या स्पीडने १० जीबी वर जायला अकरा तास लागतात. लडाख-काश्मीरला जाणार असाल तर आपलं इकडचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं, म्हणजे तिकडे पेनड्राइव्हच कामाचा. आणि फोन भरला म्हणून गूगल फोटोजमधून फोटो डिलीट केलात तर ते क्लाउडवरूनही जातात, साठ दिवस ट्रॅशमध्ये असतात, मग कायमचे गेले.

अजून एक गोष्ट, मला तर ही सगळ्यात महत्त्वाची वाटते. फोन गेला की सिमही जातं, म्हणजे अकाउंट उघडायचा ओटीपी येणार कुठे? डुप्लिकेट सिम घेतलं तरी त्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, फसवणूक होऊ नये म्हणून तसा नियमच आहे. माझा लॅपटॉप उघडा होता म्हणून मी वाचले, नाहीतर पहिला अख्खा दिवस बँकेची अ‍ॅप तशीच चोराच्या हातात. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड विचारणारी सोय, लावलेलं असेल तर गूगल आठ-आठ आकड्यांचे दहा बॅकअप कोड देतं, ओटीपी आला नाही तर त्यांनी अकाउंट उघडतं, ते कागदावर लिहून घरी कपाटात ठेवा. फोनवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, तोही त्याच कागदावर लिहा, पोलिसांत तक्रार करून संचार साथी या सरकारी वेबसाइटवर फोन ब्लॉक करायला तो लागतो. मी ते सगळं केलं. फोन ब्लॉक झाला, फोटो मात्र त्याने परत येत नाहीत.

तुमच्या प्रवासाच्या पानावरच्या यादीत पॉवर बँकेखाली एक ओळ पेनड्राइव्हची टाका एवढीच विनंती आहे. गावच्या घरांचे, जत्रेचे, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढायला दर सुट्टीत किती जण जातात, त्यांच्यासाठी तरी.

आमच्या शेजारचं काकांचं घर पावसाआधी उतरवायचंय. त्याच्याही तुळईवर साल कोरलंय असं काका म्हणतात. मी पुढच्या शनिवारी जातेय, आणि भाच्याला सांगून ठेवलंय की या वेळी रोज रात्री फोन मीच तुझ्या हातात देईन.

आपली,
एक नेहमीची वाचक
कोपरी, ठाणे (पूर्व)