मिश्र रबर म्हणजे भेसळ नव्हे

मा. संपादक,

गेल्या आठवड्यात तुमच्या पानावर एका शेतकरी बंधूंचं पत्र वाचलं, पंपाच्या कपलिंगचं (मोटर आणि पंप जोडणाऱ्या भागाचं) रबरी बुश एका हंगामात फुटलं, दुकानदार म्हणाला मिक्स रबर आहे, म्हणजे दोन-तीन जातींचं रबर एकत्र केलेलं, आणि त्यांनी निष्कर्ष काढला की ही भेसळ. पैसे गेलेत, राग येणारच, पण भेसळ हा शब्द मला फार लागला, कारण मी उद्यमबागेत २२ वर्षं रबराचे पार्ट बनवतोय आणि बरंचसं काम मिश्र रबराचंच असतं.

ट्रकच्या टायरची बाजूची भिंत बघा, तिच्यात नैसर्गिक रबर आणि पॉलीब्युटाडाईन हे कृत्रिम रबर मुद्दाम एकत्र घालतात, एकामुळं फाटत नाही आणि दुसऱ्यामुळं सारखं वाकून वाकून भेगा पडत नाहीत. तसंच नायट्राईल हे दुसरं कृत्रिम रबर तेलाला टिकतं, नैसर्गिक रबर तेलात फुगतं, म्हणजे प्रत्येक जातीचा गुण वेगळा.

आता रबर कशामुळं फुटतं ते सांगतो. कच्चं रबर म्हणजे उकडलेल्या शेवया, लांब साखळ्या नुसत्या गुंतलेल्या, ओढलं की सरकतात. गंधक घालून तापवलं की साखळ्यांमध्ये टाके पडतात, चार्ल्स गुडइयरला हे १८३९ मध्ये सापडलं. आपल्याकडच्या वाकळीसारखंच आहे बघा, दहा लुगड्यांचे तुकडे असतात म्हणून कोण तिला भेसळ म्हणत नाही, टाके कसे पडलेत ते बघतात. टाके कमी पडले तर रबर दबतं ते दबलेलंच राहतं, जास्त पडले तर कडक होतं पण लवकर फाटतं. आणि मिश्रणात खरी गोम ही की दोन रबरं गंधक सारखं घेत नाहीत. नैसर्गिक आणि नायट्राईल एकत्र केलं तर टाके एकात जास्त पडतात आणि दुसरं अर्धकच्चं राहू शकतं, म्हणून अॅक्सिलरेटर (टाके लवकर पाडणारं रसायन) कुठला, किती, तापमान किती, यात सगळं कौशल्य आहे.

माझ्याच प्रेसवर (रबर साच्यात दाबून तापवायच्या यंत्रावर) एकदा सीझनच्या घाईत एक घाणा, म्हणजे एका वेळचा माल, लवकर काढला गेला. हार्डनेस मोजला तर चांगला आणि घाईतला दोन्ही ७० शोअर (रबराचा कडकपणा मोजायचं माप)! रबरात मिसळलेली काजळी भरपूर असली की कच्चा माल पण कडक लागतो. टाके कमी असले की रबर पेट्रोलमध्ये जास्त फुगतं, म्हणून मग दोन्हीचे पातळ काप काढून रात्रभर पेट्रोलमध्ये ठेवले, सकाळी चांगला थोडाच फुगलेला आणि घाईतला लिबलिबीत, बोटानं चुरगळला. तो सगळा माल मी टाकून दिला. असा माल बाजारात गेला तर एका हंगामात फुटणार, मग त्यात एक जातीचं रबर असो की चार.

म्हणून नखानं दाबून रबर घेऊ नका. दुकानदाराला कॉम्प्रेशन सेटचा रिपोर्ट मागा, रबर २५ टक्के दाबून ७० अंशांवर २२ तास ठेवतात आणि सोडल्यावर किती परत येतं ते मोजतात. आमच्यासारख्या छोट्या कारखानदारांनी पण प्रत्येक घाण्याचा तो रिपोर्ट मालाबरोबर दिलाच पाहिजे, मी या महिन्यापासून देतोय.

त्या शेतकरी बंधूंना विनंती, फुटलेलं बुश टाकू नका, आमच्याकडं घेऊन या, तुमच्यासमोर कापून पेट्रोलमध्ये टाकूया.

एक रबर कारखानदार, उद्यमबाग, बेळगाव