मेलेल्या पोफळींचा दुसरा पंचनामा कधी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा आपल्या पेपरात मान्सूनपूर्व तयारीच्या बैठकीची बातमी वाचली. कंट्रोल रूम, बोटी, लाइफ जॅकेट, फांद्या छाटणं, सगळं आलंय त्यात. चांगलंच आहे, मी नावं ठेवत नाही, 2020 ला आमच्याकडची माणसं वाचली ती अशाच तयारीमुळे. पण वादळ येऊन गेल्यावर दुसऱ्या वर्षी, चौथ्या वर्षी काय होतं याबद्दल कोण एक ओळ लिहीत नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

आम्ही श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातले. वीस गुंठ्यांची नारळ-सुपारीची वाडी (नारळाच्या झाडाला आम्ही माड म्हणतो, सुपारीच्या झाडाला पोफळ) आणि घरातच छोटी खाणावळ, सीझनला दोन खोल्या पाहुण्यांना देतो. 3 जून 2020, बुधवार. निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्याला लागलं, ताशी 110 ते 120 किलोमीटरचा वारा, हे आकडे आम्हाला नंतर कळले कारण त्या दिवशी लाईट सकाळीच गेली आणि मोबाईलची रेंज दुपारी. आदल्या दिवशी रिक्षावर भोंगा लावून फिरत होते, कच्च्या घरातल्यांनी शाळेत या म्हणून. आता गंमत बघा, गावच्या शाळेत मुंबईहून आलेले चाकरमानी क्वारंटाईन करून ठेवलेले. म्हणजे वादळापासून वाचायचं तर करोनावाल्यांच्या शेजारी जाऊन बसायचं. आमच्या आळीतल्या दोन म्हाताऱ्या गेल्याच नाहीत, आमच्याकडे येऊन राहिल्या, आमचं माजघर जांभ्या दगडाचं आहे म्हणून. तेव्हापासून मला एकच वाटतं, ओडिशाने 1999 च्या वादळानंतर किनाऱ्यावर शेकडो निवारे बांधले, आमच्याकडे एकाच शाळेत मतदान, क्वारंटाईन, वादळ आणि उरलेल्या वेळात मुलं. असो, तो विषय वेगळा.

सकाळी वारा डोंगराकडून येत होता. पोफळी वाकत होत्या, पोफळ वाकते हो, तिची सवय असते, वाकून परत उभी राहते. दुपारी जरा कमी झाल्यासारखं वाटलं आणि मग समुद्राकडून जो सुटला तो वेगळाच. आधी एका बाजूला ताणून ढिली झालेली झाडं दुसऱ्या बाजूने ओढली गेली. आवाज कसा म्हणाल तर पोफळ मोडताना फटाक्यासारखी वाजते आणि माड मुळासकट जाताना जमीन गुरगुरल्यासारखी होते. आम्ही सात जणं माजघरात, वर कौलं उडतायत, एकेक मंगलोरी कौल पत्त्यासारखं जात होतं, आणि आई (माझ्या सासूबाई, तेव्हा चौऱ्याहत्तरच्या) खिडकीच्या फटीतून बघत बोटं मोजत होत्या. मला वाटलं जप करतायत. त्या झाडं मोजत होत्या. एकशे चाळीसला थांबल्या, म्हणाल्या आता दिसत नाही.

कोळीवाड्याचं त्यातल्या त्यात नशीब की तेव्हा मासेमारी बंद होती आणि बहुतेक होड्या वर ओढून शाकारून ठेवलेल्या होत्या. हेच वादळ आठ-दहा दिवस आधी आलं असतं तर काय झालं असतं याचा विचार पण नको. तरी जाळ्यांच्या खोल्यांचे पत्रे गेले, जाळी भिजली, कुजली, ते नुकसान वेगळं.

दुसऱ्या दिवशी वाडीत जाताच येईना. आडव्या पोफळींवर माड, माडांवर झावळ्या, मध्ये विजेच्या तारा. विहीर झावळ्यांनी भरलेली. पंप आहे पण लाईट नाही, रहाट आम्ही 1998 सालीच काढून विकलेला, तेव्हा फार शहाणे झालो होतो. लाईट आली ती महिना उलटून गेल्यावर. तोपर्यंत नाक्यावर एकाने जनरेटर लावला, मोबाईल चार्ज करायचे वीस रुपये, रांग एवढी की सकाळी दिलेला मोबाईल संध्याकाळी मिळायचा आणि मिळून पण उपयोग नाही कारण रेंज नाही. ठाण्याला माझ्या नणंदेला आम्ही जिवंत आहोत हे चौथ्या दिवशी कळलं, आमचे हे बाईक घेऊन घाट चढून गेले आणि रेंज आल्यावर रस्त्याच्या कडेला उभं राहून फोन केला. पत्रे आणि ताडपत्री दुप्पट भावाने, कौलं मिळेचनात, त्यात लॉकडाऊन. मदत आली, खोटं कशाला बोलू, पुण्या-मुंबईहून पोरं टेम्पो भरून आली, ताडपत्र्या, सोलरचे दिवे, मेणबत्त्या, किराणा. त्या सोलर दिव्यातला एक अजून आमच्या न्हाणीत लटकतोय आणि चालतो.

आता मुद्द्याचं.

वादळानंतर मुख्यमंत्री आले, रायगडला 100 कोटी जाहीर झाले. बागायतीचा जुना दर हेक्टरी 18 हजार होता, तो 50 हजार केला. पेपरात मोठी हेडलाईन. हेक्टरी 50 हजार म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये. आमच्याकडे हेक्टर कोणाकडे आहे? आमचे वीस गुंठे, म्हणजे दहा हजार रुपये. वाडीत वादळाआधी 380 पोफळी आणि 34 माड होते, हे आकडे आईंच्या वहीतले. पडले 311 पोफळी आणि 19 माड. नुसती पडलेली झाडं कापून बाहेर काढायला कटरवाल्याने जे घेतलं ते दहा हजारांच्या वर गेलं. मग लोकांनी आरडाओरडा केला, हेक्टरचा हिशोब वाडीला चालत नाही म्हणून, आणि सरकारने ऐकलं, झाडावर दर आला. पोफळीला 50 रुपये आणि माडाला 250. आमचे त्या हिशोबाने 20,300 होतात. चांगली पोफळ वर्षाला दीड-दोन किलो सुकी सुपारी देते, ती पण श्रीवर्धनची रोठा, जिला बाजारात वेगळं गिऱ्हाईक आहे. म्हणजे पन्नास रुपयात झाडाचं एका वर्षाचं उत्पन्न पण भरून निघत नाही आणि झाड चाळीस-पन्नास वर्षं जगतं. तरी झाडावर मोजलं हे बरं केलं असंच मी म्हणेन, पहिल्यांदा कोणाच्या तरी लक्षात आलं की इथे शेत नसतं, झाडं असतात.

पैसे हातात यायची गोष्ट तर विचारू नका. सातबारा आमच्या आजेसासऱ्यांच्या नावाचा, खाली सतरा नावं. कचेरीतले साहेब म्हणाले सगळ्यांची संमती आणा. त्यातले पाच वारलेले, त्यांची मुलं डोंबिवली, नालासोपारा, एक बडोद्याला. करोना चालू. चुलत दिरांनी बिचाऱ्यांनी व्हॉट्सॲपवर सही केलेल्या कागदाचे फोटो पाठवले तर म्हणे ओरिजिनल पाहिजे. बडोद्याच्यांचा कागद पोस्टाने यायला अठरा दिवस लागले आणि त्यात नाव चुकलेलं, परत पाठवला. कोकणात अर्ध्या सातबाऱ्यांची हीच तऱ्हा आहे हे काय कोणाला नवीन नाही, वादळ यायच्या आधीच वाडी प्रत्यक्ष कोण कसतं याची एक यादी ग्रामपंचायतीत करून ठेवली तर काय बिघडेल? झाडांची संख्या पण त्यातच लिहा. आई वहीत लिहून ठेवू शकतात तर.

पण माझी खरी तक्रार या पैशांची नाहीच, ते आले, संपले, कौलांत गेले. पंचनामा झाला जूनमध्ये. तेव्हा आमच्या 69 पोफळी उभ्या होत्या, त्या कागदावर "शिल्लक" म्हणून लागल्या. आता ज्यांना वाडी माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते, पोफळ ही सावलीतली बाई आहे. तिला आजूबाजूला गर्दी लागते. शेजारची झाडं गेली की दुपारनंतरचं ऊन थेट तिच्या खोडावर येतं, खोड त्या एका बाजूने पिवळं पडतं, मग काळपट होतं, मग तडे जातात आणि एखाद्या साध्या वाऱ्याला तिथूनच मोडते. आम्ही खोडांना झावळ्या बांधल्या, जेवढं जमेल तेवढं केलं. 2021 च्या मे मध्ये तौक्ते वादळ बाजूने गेलं, आमच्याकडे नुसतं हललं म्हणायचं पण त्यात नऊ गेल्या. दोन वर्षांत 69 मधल्या 22 गेल्या. खाली जायफळाची अकरा झाडं होती, सासऱ्यांनी कृषी विद्यापीठाचं ऐकून लावलेली, वादळात एकही पडलं नव्हतं, पुढच्या एप्रिल-मेच्या उन्हात त्यातली सात नुसती करपली. ही सगळी वादळानेच मारलेली झाडं ना? यांचा पंचनामा कोणी करायचा? मी विचारलं होतं, तर उत्तर मिळालं, "ताई, ती केस क्लोज झाली."

आणि नवीन लावायचं तर रोपं कुठे होती. सगळ्या तालुक्याला एकदम रोपं पाहिजेत, रोपवाटिकेत नंबर लावून थांबलो. शेवटी आईंनी वाचलेल्या झाडांची पिकली सुपारी निवडून स्वतः रोपं केली, ते रोप लावण्याजोगं व्हायला वर्ष जातं. 2021 च्या पावसात लावली, आधी सावलीला केळी लावली मग पोफळी. पहिलं पीक पाचव्या-सहाव्या वर्षी, नीट हाताला लागायला आठ-दहा वर्षं. बाणवली (उंच जातीच्या) माडाचं पण साधारण तसंच. रोजगार हमीतून फळबाग लागवड होती पण तिचे पैसे तीन वर्षांत विभागून, जॉब कार्ड पाहिजे आणि परत त्याच सतरा सह्या. तीन वर्षांत पोफळीला पानांशिवाय काही येत नाही. मग चौथं, पाचवं, सहावं वर्ष माणसाने काय खायचं?

आमची खाणावळ होती म्हणून आम्ही टिकलो, तीही 2021 च्या दिवाळीनंतर जरा चालायला लागली. ज्यांचं नुसतं वाडीवर होतं त्यांनी वाडी विकली. आमच्या एका आळीत चार वाड्या गेल्या. एकीत आता स्विमिंग पूल आहे, निळ्या टाईलचा, ज्या जागी त्यांच्या आजोबांचा रहाट होता तिथेच. विकणाऱ्यांना मी दोष देत नाही, पोरीचं लग्न, पोराची फी, कोण थांबणार दहा वर्षं. एजंटचे फोन आम्हाला पण येतात, महिन्याला एखादा तरी, पहिल्या वर्षी तर आठवड्याला यायचे, त्यांना बरोब्बर माहीत असतं की कोणाची झाडं पडलीत. सरकारकडे नसलेली यादी त्यांच्याकडे असते बहुतेक.

अजून एक. आमच्याकडे सुपारी सोलायला एक मावशी यायच्या, सीझनला तीन-चार घरची सुपारी सोलून त्यांचं वर्षाचं भागायचं. शिवाय झाडावर चढणारा गडी, एका पोफळीवरून दुसरीवर झोका घेऊन जाणारा, खाली न उतरता दहा-बारा झाडं उतरवायचा. या दोघांच्या नावावर एक गुंठा नाही, म्हणून पंचनाम्यात त्यांचं नुकसान शून्य. घराच्या पत्र्याचे पैसे मावशींना मिळाले, धंद्याचे कुठल्या रकान्यात लिहिणार? गडी पनवेलला सिक्युरिटीत गेला. आता थोडीफार सुपारी धरायला लागली तर उतरवायला माणूस नाही, ज्याला येतं तो तिकडे बिल्डिंगच्या गेटवर बसून आहे.

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे की निसर्गच्या वेळी हेक्टर सोडून झाड मोजायला शिकलात तसं आता वर्षं पण मोजा. पहिला पंचनामा लगेच करा, पण दोन पावसाळ्यांनी परत एकदा या आणि मागाहून मेलेली झाडं बघा. एकदम पन्नास रुपये देऊन मोकळं होण्यापेक्षा नवीन झाड जगवणाऱ्याला ते फळाला येईपर्यंत दर वर्षी थोडं थोडं द्या, झाड दाखवा आणि पैसे घ्या, फोटो काढून नेणार असाल तर आम्ही शेजारी उभे राहू. आणि सोलणाऱ्या, चढणाऱ्या, शिंपणाऱ्या माणसांसाठी त्या फॉर्मवर एक रकाना छापा. कोकण आपत्ती सौम्यीकरण म्हणून जो प्रकल्प काढलाय त्यात जमिनीखालून विजेच्या तारा, बंधारे वगैरे आहे, तारा तर पाहिजेतच, महिनाभर अंधारात काढलेल्याला विचारा. त्या अंदाजपत्रकात वाड्यांसाठी एक ओळ घातली तर फार काही जास्त होणार नाही.

पत्र लांबलं, कापायचं तर शाळेचा भाग कापा पण 22 पोफळींचा ठेवा. आभाळ भरून आलंय, लाईट जायच्या आत पाठवते.

आपली,
एक वाचक, श्रीवर्धन तालुका

ता.क. आईंना हे वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या जायफळं अकरा नव्हती, बारा होती, एक विहिरीच्या मागे होतं. तसं करून घ्या.