वसईच्या त्या चर्चवाल्या सगळ्यांचे मनापासून आभार

जुलै 2018 चा पाऊस आठवतोय ना, नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी आणि ट्रेन ठप्प, तेव्हा मी आणि बाबा वसईत अडकलो होतो आणि बाबांचं डायलिसिस दुसऱ्या दिवशी सकाळी. ज्यांनी आम्हाला चर्चच्या हॉलमध्ये नेलं त्यांची नावं मला आजही माहीत नाहीत, विचारलं तर हसून "आधी जेवा" एवढंच. गरम डाळभात, सुकटीची चटणी, कोरडे टॉवेल. लाल लुगड्यातल्या एक आजी बाबांचे पाय पुसत होत्या, वर शेजारणीशी वसईकडच्या कादोडी बोलीत काहीतरी भांडण चालूच 😄

रात्री तिथेच रोझरी (जपमाळेची प्रार्थना) झाली, कुणी आम्हाला बसा म्हटलं नाही की उठा म्हटलं नाही, बाबा आपले आपणच हात जोडून बसले. धर्म काय विचारलाच नाही कुणी. येशूने म्हटलंय ना, उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, ते ही लोकं शब्दशः पाळतात बहुतेक, म्हणून तर नाव सांगत नाहीत!

फादर फ्रान्सिस दिब्रिटोंमुळे हरित वसईची चळवळ ऐकून होतो, 2020 ला ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले, पण चर्च समाजात नेमकं काय करतं ते मला त्या हॉलमध्ये दिसलं.

आणि पहाटे कमरेएवढ्या पाण्यातून बाबांना खांद्यावर घेऊन दवाखान्यात पोचवणारे ते दोघे तरुण, तुम्ही हे वाचत असाल तर खूप खूप थँक्यू, डायलिसिस वेळेवर झालं.