माझी आई नेमकी कुठे राहते, ते एकदा लेखी कळवा

प्रति,
मा. मुख्य निवडणूक अधिकारी,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

स.न.वि.वि. सोलापुरात पूर्व भागात, राहत्या घराच्या ओट्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पाटीवर झेरॉक्स लिहिलंय, पण खरा धंदा फॉर्म भरून देण्याचा. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डात सुनेचं नाव घालणं, लाडक्या बहिणीचं ई-केवायसी आणि मतदारयादीचे नमुना ६, ७, ८. नवं नाव, नाव कमी, दुरुस्ती किंवा पत्ताबदल, हा क्रम मला झोपेत विचारला तरी सांगेन. आजवर शेकडो लोकांची नावं माझ्या हातून यादीत गेली. त्यामुळे ‘फॉर्म भरताना तुमच्याकडून काहीतरी चुकलं असेल’ हे उत्तर तेवढं मला देऊ नका, एवढी नम्र विनंती.

मंगळवारी रात्री आईच्या पत्ताबदलाच्या, पुन्हा भरलेल्या अर्जाचा निकाल मोबाइलवर आला. नामंजूर. कारण एका ओळीचं : मूळ नोंद आढळत नाही.

आता ही मूळ नोंद गेली कुठे, ते सांगतो. माझी आई त्रेसष्ट वर्षांची आहे. चाळीस वर्षं बिड्या वळतेय. शहराबाहेर कुंभारीला, कामगारांच्या रे नगर वसाहतीत तिला घर मिळालं. १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान स्वतः येऊन तिथल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण करून गेले, बोलताना गहिवरलेही. आई त्या दिवशी मांडवात होती. आमचं इकडचं घर भाड्याचं, दहा बाय बाराच्या दोन खोल्या, त्यात आम्ही सहा माणसं. ती धाकट्या भावाला घेऊन कुंभारीला गेली, मी दुकानामुळे इथेच राहिलो. लोकसभेला ७ मेच्या उन्हात आणि विधानसभेला २० नोव्हेंबरला तिने इकडच्या जुन्या बूथवरच मतदान केलं. मग मीच म्हणालो, आता तू तिकडची झालीस, नाव तिकडे नेऊ. कायद्याने वागायची हौस, दुसरं काय. मार्च २०२५ मध्ये नमुना ८ भरला.

दोन महिन्यांनी नामंजूर. चौकशीला गेलो. कोणत्या कार्यालयात, ते मुद्दाम लिहीत नाही. खुर्चीवरच्या त्या एका माणसाला नोटीस काढून तुम्ही विषय मिटवाल आणि माझं भांडण त्याच्याशी नाहीच. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली. ‘‘आईचं नाव आधीच डिलीट झालंय की ओ. शिफ्टेड म्हणून.’’

म्हटलं, बरोबर आहे, शिफ्ट झालीय, म्हणूनच तर नमुना ८ भरलाय. तिकडे चढवा.

‘‘डिलीट झालेलं नाव शिफ्ट होत नाही ओ. सिस्टीमच घेईना.’’

महोदय, हे वाक्य मी तीनदा वदवून घेतलं. स्थलांतर झालं म्हणून नाव वगळलं, आणि नाव वगळलेलं आहे म्हणून स्थलांतर करता येत नाही. आमच्या भागात एवढे यंत्रमाग आहेत, पण धोटा एकाच बाजूला अडकून तिथेच कापड विणतोय, असा माग मी कधी पाहिला नाही. तुमच्या खात्याने तोही बसवला.

मग तिचं नाव काढा म्हणून नमुना ७ कुणी दिला? सांगता येत नाही म्हणे. स्थळपाहणी झाली का? झाली. कागद दाखवा म्हटल्यावर अर्ध्या तासाने एक ओळ वाचून दाखवली : घर बंद, शेजारी चौकशी केली, कुटुंब स्थलांतरित. घर बंद! त्याच घराच्या ओट्यावर सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत मी बसलेलो असतो. दिवाळीच्या पाडव्याला अर्धा दिवस सोडला तर शटर खाली नसतं. ज्यांनी ‘घर बंद’ लिहिलं, त्यांनी तो पाहणीचा कोरा नमुना बहुधा माझ्याच दुकानातून झेरॉक्स करून नेला असेल.

१९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २२ म्हणतं की असं नाव वगळण्याआधी त्या माणसाला म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यावी. कलम २४ म्हणतं की आदेश मान्य नसेल तर जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अपील करा आणि तिथेही भागलं नाही तर तुमच्याकडे या. पहिल्या अपिलाला मुदत पंधरा दिवस. पण आदेशाची प्रतच मिळाली नाही, तर पंधरा दिवस मोजायचे कुठल्या तारखेपासून? आईच्या जन्मतारखेपासून मोजू का? तीही आधारकार्डावर १ जानेवारी आहे, म्हणजे तीही कुणीतरी खुर्चीवर बसूनच ठरवलेली.

त्या साहेबांनी तेव्हा शब्द दिला होता. माणूस गोड बोलला, ते नाकारत नाही. ‘‘काळजी करू नका, जुन्या पत्त्याच्या पुरवणी यादीत येऊन जाईल, महापालिकेला आई मतदान करणार बघा.’’ मी ते आईला फोनवर सांगितलं. ही माझी चूक.

नोव्हेंबरात प्रभागनिहाय प्रारूप यादी लागली. नाव नाही. हरकत घ्यायला गेलो तर कळलं, इथे नवं नाव घालता येत नाही. १ जुलै २०२५ ला विधानसभेच्या यादीत जे होतं तेच फोडून प्रभागांत वाटलंय. यादी केंद्राच्या आयोगाची, निवडणूक राज्याच्या आयोगाची आणि फोडाफोड महापालिकेची. तिघांकडे जाऊन आलो. तिघांनीही दुसऱ्या दोघांची दारं दाखवली. बोट दाखवायला तीन-तीन कार्यालयं आहेत, सही करायला एक नाही. तुम्हीही आता म्हणाल, महापालिकेची निवडणूक माझ्याकडे नव्हती. नव्हतीच. पण विधानसभेची यादी तुमची आहे ना?

१५ जानेवारीला ऐन गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत मतदान आलं. आई सणाला इकडे आली होती. बीएलओ, म्हणजे आमच्या बूथची यादी सांभाळणाऱ्या बाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, जुन्या बूथवर बघा, पुरवणीत असेल. आईने कपाटातून जुनं ओळखपत्र काढलं, शेषन साहेबांच्या काळातलं. लॅमिनेशनच्या आत पिवळं पडलंय. वडिलांचं नाव नरसय्या. यादीत आजवर त्यांचं नरसया, नारासैया आणि एकदा तर नरसिंह झालं, आणि या सगळ्या नावांच्या नवऱ्याची बायको म्हणून आई तीस वर्षं बिनतक्रार मतदान करत आली. रांगेत पाऊण तास उभी राहिली. टेबलावरच्या मुलाने यादीवरून पट्टी वर-खाली फिरवली, मग पुरवणी उलटी-सुलटी केली. त्याच पानावर माझं नाव होतं, बायकोचं होतं. आईने माझ्याकडे बघून हळूच विचारलं, ‘‘पेरु लेदा?’’ नाव नाही का?

त्या मुलाला तेलुगू येत नसावं, पण त्याला कळलं. त्याने मान खाली घातली.

बाहेर आल्यावर बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, घर घेतलं म्हणून काढलं का रे? मी काय उत्तर देणार? त्या रात्री टीव्हीवर मार्करची शाई पुसली जाते म्हणून गदारोळ चालला होता. आमच्या घरात एक बोट असं होतं, ज्याला पुसण्यासारखं काही लागलंच नव्हतं.

बोटांचं निघालंच म्हणून. तेंदूची पानं आणि तंबाखू चोळून तिच्या बोटांवरच्या रेषा झिजल्यात. रेशन दुकानात अंगठा लागत नाही, बँकेत लागत नाही. प्रत्येक ठिकाणी ती आपण आपणच आहोत हे चार-चारदा सिद्ध करते आणि शेवटी होतंही. रेशनच्या यादीत आहे, रे नगरच्या यादीत आहे, भविष्यनिर्वाहाच्या यादीत आहे, दीड हजारांच्या लाडक्या बहिणींतही आहे. सरकारला ती द्यायच्या वेळी सापडते. तिने द्यायची वेळ आली की घर बंद.

घरी आल्यावर मला झोप लागली नाही, म्हणून आमच्या भागाची यादी घेऊन बसलो. ‘स्थलांतरित’ म्हणून कापलेल्या नावांतली ओळखीची ४१ माणसं कुंभारीला गेलेली निघाली. कुंभारीकडच्या याद्यांत त्यांतली ९ सापडली. रात्री दोन वाजता डोळ्यांनी केलेली मोजणी आहे, दोन-चार इकडेतिकडे होतील. पण हिशोब करा. रे नगर ३० हजार घरांचं. घरटी तीन मतदार धरले तर ९० हजार. सगळे अजून राहायला गेले नसतील, निम्मे धरा. त्यातल्या निम्म्यांनी पत्ताबदलाच्या भानगडीत पडलं नसेल, तेही सोडा. तरी जे उरतात त्यांत एक नगरसेवक सोडा, आमदार पडेल किंवा निवडून येईल. आणि ही सगळी मंडळी कोण, तर बिडीवाल्या, यंत्रमागवाले, हमाल, शिवणकामवाल्या. हा योगायोग मानायला मी तयार आहे, पण मग असे योगायोग बंगलेवाल्यांच्या सोसायटीत का होत नाहीत, तेही कुणीतरी सांगावं.

लोकसभेला राज्यात नऊ कोटी तीस लाखांच्या आसपास मतदार होते, विधानसभेला नऊ कोटी सत्तर लाख. सहा-सात महिन्यांत चाळीस लाख वाढले. कसे वाढले यावर मोठ्या लोकांचं भांडण चाललंय, नोव्हेंबरात मुंबईत त्यावरून मोर्चाही निघाला. त्यात मी शिरत नाही. माझा साधा प्रश्न आहे : ज्या यंत्रणेने चाळीस लाख बसवले, तिला एक म्हातारी इकडून उचलून दहा-बारा किलोमीटरवर ठेवता येत नाही?

बीएलओ बाईंवर माझा राग नाही, हेही लिहून ठेवतो. त्या अंगणवाडी सांभाळून हे काम करतात. वर्षाला सहा हजार मिळायचे, आता बारा केलेत म्हणे, महिन्याचा हजार. एवढ्यात हजार-बाराशे मतदारांची दारं वाजवायची, ॲपवर फोटो चढवायचे, रेंज नसेल तर गच्चीवर जायचं. त्यांनी चौकटीतच बसून ‘घर बंद’ लिहिलं, तर त्यांना ते शिकवलं कुणी? मार्च २०२२ पासून या शहरात नगरसेवक नव्हते, जवळपास चार वर्षं प्रशासक. पाणी चार-पाच दिवसांआड, तेव्हा विचारायला कुणी नाही. एवढ्या वर्षांत याद्या घासूनपुसून लख्ख करता आल्या असत्या. पण ज्यांना निवडणूकच नको होती त्यांना यादीची काय घाई? आमच्या जिल्ह्यात मारकडवाडीच्या लोकांनी डिसेंबर २०२४ मध्ये आपलं मतदान आपणच मोजून बघायचं ठरवलं, तर पोलीस मात्र तत्परतेने पोचले. तिथे कुणाचं घर बंद नव्हतं.

आता मला काय करायला सांगतात ते ऐका. नमुना ६ भरा. नवीन मतदार म्हणून. महोदय, त्या फॉर्मवर प्रतिज्ञा असते की मी पहिल्यांदाच नोंदणीसाठी अर्ज करत आहे. तिथे तीस वर्षं मतदान केलेल्या बाईचा अंगठा घेऊ? खोटं लिहिलं तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद आहे, हे मी गिऱ्हाइकांना सही घेण्याआधी वाचून दाखवतो. ‘‘सगळेच भरतात ओ, काही होत नाही,’’ असं मला सांगण्यात आलं. म्हणजे चूक तुम्ही करायची आणि ती झाकायला खोटं आम्ही लिहायचं.

आणि त्याच कायद्यात कलम ३२ आहे. यादीच्या कामात कर्तव्य चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला किमान तीन महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं. वाचून बरं वाटलं. मग पोटकलम तीन वाचलं : आयोगाने किंवा आपण, म्हणजे मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी परवानगी दिल्याशिवाय न्यायालय दखलच घेणार नाही. कुलूप दाराला आहे आणि किल्ली आतल्या माणसाच्या खिशात. आजवर महाराष्ट्रात ही किल्ली किती वेळा फिरली, सांगाल?

विशेष सखोल पुनरीक्षण, म्हणजे घरोघरी जाऊन यादी नव्याने तपासणं, आपल्याकडेही होणार अशी चर्चा आहे. बिहारमध्ये प्रारूप यादीत ६५ लाख नावं नव्हती आणि ती कारणांसह जाहीर करा, हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. तेव्हा दारावर येणाऱ्या माणसाला आईने कुठल्या दारात भेटायचं? इकडच्या दारात उभी राहिली तर तिकडे घर बंद, तिकडे थांबली तर मूळ नोंद आढळत नाही.

मला फार काही नको. नमुना ७ कुणी दिला आणि पाहणी कुणी केली, त्या कागदांची प्रत द्या. वगळण्याचा आदेश रद्द करून जुनी नोंद जिवंत करा, म्हणजे नमुना ८ आपोआप लागेल. प्रतिज्ञेवर खोटा अंगठा मी घेणार नाही. आणि पूर्व भागातून कुंभारीला गेलेल्या सगळ्यांची दोन्हीकडची यादी शेजारी ठेवून कुणीतरी एकदा बसा. माणूस नसेल तर दुकान बंद करून मी येतो, झेरॉक्सचे पैसे घेणार नाही.

सुनावणी ठेवलीत तर शनिवार सोडून ठेवा. शनिवारी आईचा पगार असतो, आणि माल द्यायला तिलाच जावं लागतं, कारण तिथे अंगठा नाही, तिचा चेहरा चालतो.

आपला,
पूर्व भागातला एक मतदार
(आजच सकाळी यादीत माझं नाव तपासलं. अजून आहे.)