घारापुरीचा डोंगर आणि कालवांचे जेवण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईच्या गेटवेवरून लाँचने तासाभरात घारापुरीला पोहोचणारे बहुतेक प्रवासी लेणी पाहतात, जेट्टीपासून वर जाणाऱ्या पायऱ्यांलगतच्या दुकानांत काहीबाही खातात आणि पुढच्या लाँचने परततात. आम्हीही यापूर्वी दोनदा तसेच केले होते. मात्र गेल्या हिवाळ्यात पुतणीसह तिथे पूर्ण दिवस घालवला, तेव्हा बेटाचा मोठा भाग आपण पाहिलाच नव्हता हे लक्षात आले, आणि त्याविषयी आपल्या वाचकांना सांगावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

लेण्यांच्या परिसरातून वर जाणारी वाट जुन्या तोफांपर्यंत जाते. चढ फार अवघड नाही, परंतु दुपारी ऊन लागते. त्यामुळे सकाळच्या पहिल्या लाँचने जाऊन आधी डोंगर चढावा आणि नंतर लेण्यांच्या सावलीत यावे, हा क्रम आम्हाला सोयीचा वाटला. वरून एका बाजूला मुंबई आणि दुसऱ्या बाजूला न्हावा-शेवा बंदरातल्या क्रेन दिसतात, तर खाली किनाऱ्याला तिवरांची हिरवी किनार दिसते. सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेली ही लेणी कशा जागी आहेत, हे मला त्या उंचीवरून प्रथमच नीट समजले. या वाटेवर दिशा दाखवणारे फलक आम्हाला फारसे दिसले नाहीत, आणि चढणारी माणसेही मोजकीच भेटली.

जेवणाचे आम्ही सकाळी उतरल्याबरोबर गावातल्या एका घरी सांगून ठेवले होते. बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या आहेत. आम्ही सवयीने पापलेट मागितले, तेव्हा त्या घरच्या मावशींनी स्पष्टच सांगितले की पापलेट मुंबईच्या बाजारातून बर्फात घालून आणावे लागेल, त्यापेक्षा आज इथे जे मिळेल ते खा. अष्टमीच्या आसपासची तिथी असल्याने दुपारी ओहोटी होती, आणि खडकांना चिकटलेली कालवे, म्हणजे खाण्याचे शिंपले, फोडून काढत बसलेल्या बायका आम्ही येता-जाता पाहिल्या. पानात त्याच कालवांचे सुके, चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्यांचे आंबट कालवण, तळलेले बोंबील आणि तांदळाची भाकरी होती. कालवांची ती किंचित खारट, गोडसर चव मसाल्याखाली दबली नव्हती, आणि पुतणीने, जी एरवी माशाला नाके मुरडते, दुसऱ्यांदा वाढून घेतले.

या जेवणामागे खाडीचे आरोग्य आहे, हेही लिहिणे मला आवश्यक वाटते. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराजवळ दोन मालवाहू जहाजांची टक्कर होऊन सांडलेले तेल घारापुरीच्या तिवरांपर्यंत पोहोचले होते. कालवे जागची हलत नाहीत आणि भोवतालचे पाणी गाळूनच जगतात. त्यामुळे पाण्यात मिसळलेले विष त्यांना चुकवता येत नाही. अशा वेळी त्या खडकांवर पोट असलेल्या घरांचे काय होत असेल, याचा विचार लाँचमधून प्लास्टिकची बाटली पाण्यात टाकणाऱ्याने करावा.

घारापुरी १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि २०१८ मध्ये समुद्राखालून केबल टाकून तिथे वीज आली. आता संबंधित यंत्रणांना माझी विनंती आहे की, डोंगरावरच्या वाटेवर मराठीत फलक लावावेत आणि वर पिण्याच्या पाण्याची सोय करावी. तसेच गावातल्या ज्या घरांत आगाऊ सांगितल्यास जेवण मिळते, त्यांची माहिती जेट्टीवर लावावी, म्हणजे पाहुण्याला विचारत फिरावे लागणार नाही आणि त्या बायकांनाही किती माणसांचे रांधायचे ते सकाळीच कळेल. वाचकांपैकी कोणी जाणार असल्यास लेणी सोमवारी बंद असतात हे ध्यानात ठेवावे, आणि परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ उतरतानाच विचारून घ्यावी, कारण पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही.

आपली नम्र,
एक वाचक, डोंबिवली